गेलेल्यांचा डबा

हार्लन फोर्क, आयोवा
रविवार, दुपार

तीर्थरूप आर्लिसताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा टोपी काढून नमस्कार. (टोपी खरंच काढली आहे. ती मी चर्चमध्येसुद्धा काढत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा या नमस्काराचं वजन तूच ठरव.) तुझ्या नव्या खुब्याचं कसं काय? डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली, की तू त्यांना न विचारताच वर-खाली करतेस? वेंडेलदाजींना नमस्कार सांग आणि त्यांच्या मिशीला वेगळा सांग. इकडे सगळं उत्तम आहे. माझी तब्येत उत्तम, संघाची तब्येत उत्तम, काल सेंट ओडिलो कॉलेजकडून आम्ही ४१–७ असे हरलो, तेही उत्तम प्रकारे. पत्राला खास कारण नाही. कारणाशिवाय मर्ल दोन ओळी लिहायचा नाही असं तू दाजींना म्हणशील, म्हणून आधीच लिहून ठेवतो की कारण नाही.

मागच्या फोनवर तू विचारलंस, "मर्ल, तुझ्याकडे आता उरलंय तरी कोण?" हा प्रश्न मला आवडला नाही. वर्षभरात माझे चार सहायक गेले आणि एकोणीस खेळाडू गेले, हे खरं आहे. पण 'उरलंय कोण' हा हिशेब भित्र्या माणसांचा. मी चौतीस वर्षं या कॉलेजात फुटबॉल शिकवतो आहे. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर नसलेल्याला मी सहाला घरी पाठवतो. बुटाची नाडी सुटलेली दिसली तर सगळ्या संघाला मैदानाला फेरी मारायला लावतो, आणि माझी स्वतःची नाडी सुटलेली दिसली तर सगळ्या संघाला दोन फेऱ्या मारायला लावतो, कारण त्यांनी ती मला आधी का सांगितली नाही? अशा माणसाकडे जे टिकतात ते टिकतात. जे जातात त्यांचं मला काही वाटत नाही. हे मी तुला फोनवर तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा तू "बरं" म्हणालीस. ते "बरं" मला ऐकू आलं होतं.

माणसं कशी जाऊ द्यायची, याची माझ्याकडे एक पद्धत आहे. आमच्या कचेरीतला लोखंडी फळा तू पाहिला आहेस. त्यावर प्रत्येकाच्या नावाची चुंबकाची पट्टी असते, सहायकांची वर, खेळाडूंची खाली, आणि कोण कोणाच्या मागे उभा आहे हे मी रोज सकाळी त्या पट्ट्या सरकवून ठरवतो. ज्याला जायचं असेल त्याने माझ्यासमोर उभं राहायचं, आपली पट्टी आपल्या हाताने काढायची आणि माझ्या टेबलावरच्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. टण् असा आवाज येतो. त्या आवाजानंतर या इमारतीत त्या माणसाचं नाव कोणी घ्यायचं नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत, हातापाया पडणं नाही. मला ही पद्धत फार सभ्य वाटते. (आमची कचेरी सांभाळणाऱ्या लोव्हिनाबाईंना ती भुताटकीची वाटते, पण त्या मेथडिस्ट पंथाच्या आहेत.)

पूर्वी वर्षाला एखादी पट्टी पडायची, आणि डिसेंबरात ती टाकून देऊन मी डबा रिकामा करायचो. आता पोरांसाठी ते पोर्टल निघालं आहे. मुलाने घरी सोफ्यावर बसल्याबसल्या फोनवर बोट टेकवलं की तो दुसऱ्या कॉलेजचा व्हायला मोकळा. आपल्या काळी कुत्रं बदलायचं म्हटलं तरी शेजाऱ्याशी अर्धा तास बोलावं लागायचं. मार्चमध्ये एका आठवड्यात सहा पट्ट्या पडल्या. जो पोरगा फक्त चेंडू पायांमधून मागे फेकायचं काम करतो, आणि ज्याचं नाव त्याच्या आईशिवाय कोणाला माहीत नसतं, त्यालासुद्धा कोणीतरी पळवून नेलं. डब्याचं झाकण बसेना. लोव्हिनाबाई म्हणाल्या, मोठा डबा आणू का? मी म्हटलं, आणा. फरक कोणाला पडतोय!

पहिली पट्टी मात्र जानेवारीतच पडली होती, आणि ती तुझ्या मोठ्या मुलाची होती. (नियमाप्रमाणे मी नाव लिहीत नाही. तुला दोनच मुलं, त्यातला एक दातांचा डॉक्टर, तेव्हा घोटाळा होणार नाही.) नऊ वर्षं तो माझ्याकडे चढाई बघत होता. कुठली खेळी कधी खेळायची ते तो ठरवायचा, आणि मग मी तीच ओरडून सांगायचो. त्या सकाळी तो आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मी सेंट ओडिलोला जातोय." चाळीस मैलांवर! टेक्सासला गेला असता तर मी समजू शकलो असतो, तिथे हवा गरम आहे. चाळीस मैलांवर माणूस हवेसाठी जात नाही. मी डब्याकडे बोट दाखवलं. त्याने पट्टी काढली, हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. मला वाटलं काहीतरी बोलेल. त्यालाही बहुधा वाटलं असावं की मी काहीतरी बोलेन. आपल्या घराण्यात असे पुष्कळ प्रसंग अशाच रीतीने वाया गेले आहेत. मग टण् झालं.

आता लोव्हिनाबाईंचा विषय, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे कोणी गाव सोडलं तर त्याला जेवू घालून पाठवतात, आणि या बाईंचं म्हणणं असं की कोच कितीही सैतान असला तरी जाणाऱ्याला उपाशी पाठवणं पाप आहे. मी मनाई केली. त्यांनी मनाई ऐकली आणि चर्चच्या तळघरात जेवण ठेवलं, जिथे माझी सत्ता चालत नाही. जाणाऱ्याला विचारायचं, तुला कुठला पदार्थ हवा, आणि तो सगळ्यांनी मिळून करायचा. बचाव शिकवणारा गेला, त्याने हॅमचे गोळे मागितले. पोरांकडून वजनं उचलून घेणारा विम्याच्या धंद्यात गेला, त्याने हिरवं जेलो मागितलं, आत किसलेलं गाजर घातलेलं. (असल्या माणसाने विम्यातच जावं.) मी निरोपाच्या विरुद्ध असल्यामुळे जेवणाला जात नव्हतो. फक्त ताटं परत आणायला मदत म्हणून शेवटी जायचो, आणि जे उरलं असेल ते वाया जाऊ नये एवढंच बघायचो. या वर्षात माझं अकरा पौंड वजन वाढलं आहे. ते केवळ तत्त्वापायी वाढलं आहे.

तुझ्या मुलाला मात्र जेवण झालं नाही. तो पहिलाच होता आणि मी त्या दिवशी लोव्हिनाबाईंवर इतका ओरडलो की त्यांची हिंमत झाली नाही. हे सांगायचं कारण पुढे येईल.

मे महिन्यात आमचा क्वार्टरबॅक गेला. चेंडू त्याच्या हातात, डोकं त्याचं, सगळा खेळ त्याच्याभोवती. मी त्याला चिखलातून उचलून तयार केला होता. तो आईला घेऊन आला. आईने माझ्यासाठी टोमॅटोची रोपं आणली होती. आता सांग, रोपं हातात धरून माणूस रागावणार कसा? पोराने पट्टी काढली आणि डब्यात टाकली, तर डबा इतका भरलेला की आणखी चार पट्ट्या जमिनीवर सांडल्या. त्याने वाकून त्या सगळ्या वेचल्या, पुसल्या, नीट रचून ठेवल्या. मग म्हणाला, "कोच, तुम्ही माझ्याशी बोलणार नाही हे माहीतेय. पण मी शुक्रवारी फोन केला तर चालेल?" मी खिडकीतून गाड्या मोजत होतो. सतरा झाल्या. तो त्याच्या जेवणात चॉकलेट आणि पीनट बटरच्या वड्या मागून, टेक्सासला निघून गेला, आणि दर शुक्रवारी लोव्हिनाबाईंना फोन करतो. त्या सगळा फोन मोठ्या आवाजात करतात. माझं दार उघडं असतं, पण ते हवेसाठी.

नियमाची खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. गेल्या वर्षीच्या सामन्यांची चित्रफीत लावून आम्ही बसलो, आणि पडद्यावर जिकडे बघावं तिकडे डब्यातली माणसं. नाव कोणाचंच घ्यायचं नाही. नवे सहायक "तो बघा, तो उंच, म्हणजे आधीचा, म्हणजे त्याच्याही आधीचा" असं करत बोटं नाचवू लागले. तासाभरात आम्ही एकच खेळी पुढे सरकलो. शेवटी कोपऱ्यात कागद लावत बसलेल्या लोव्हिनाबाई न वर बघता म्हणाल्या, "तो हॅमचे गोळे. आणि मागचा तो मक्याचं कॅसरोल." सगळे हसले आणि तेव्हापासून तीच रीत पडली. ताई, मी, मर्ल ऑस्टरगार्ड, सगळ्या संघासमोर ओरडलो आहे की "बघा, शिका काहीतरी! मॅकरोनी सॅलडला दोघांनी धरलं होतं तरी तो पडला नाही!" नियम मोडला नाही, काम अडलं नाही. फक्त पडद्याच्या कडेला कानाला हेडसेट लावून, माझ्या शेजारी तुझा मुलगा दिसला, तेव्हा ती रीत अडली. त्याला पदार्थच नव्हता. एक नवा सहायक म्हणाला, "हे कोण?" मी दिवा लावला आणि सगळ्यांना फेरी मारायला पाठवलं.

आता कालची गोष्ट. आम्ही मैदानाच्या कडेवरून पोरांना खेळी सांगतो ती चित्रफलकांनी. मोठे पुठ्ठे, त्यावर चित्रं, तिघेजण तीन धरतात, त्यातला एक खरा. आमची चित्रं तुझ्या मुलानेच निवडली होती: बाबांचा हिरवा ट्रॅक्टर, तुझी टर्की, दाजींची मिशी. ट्रॅक्टर म्हणजे उजवीकडे धाव, मिशी म्हणजे लांब फेक, वगैरे. आता तोच चाळीस मैलांवर शत्रूच्या गोटात बसलेला, तेव्हा सगळं बदलणं भाग होतं. नवी चित्रं मी स्वतः काढून पाहिली. गाय काढली तर पोरं म्हणाली, कोच, हा सोफा कसला? मग मला एक युक्ती सुचली, आणि ती मला अजूनही हुशारीची वाटते. चित्रं तीच ठेवायची, अर्थ उलटे करायचे! ट्रॅक्टर म्हणजे आता डावीकडे. तुझा मुलगा ट्रॅक्टर बघून आपल्या पोरांना एका बाजूला पळवणार आणि आम्ही दुसऱ्या बाजूने जाणार. उन्हाळाभर घोटून घेतलं. सरावात एकही चूक नाही.

पण सराव निराळा आणि सेंट ओडिलोचं मैदान निराळं. तिसऱ्या सत्रात आम्ही २७–० मागे होतो, वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी ट्रॅक्टर दाखवला. आमच्या पुढच्या रांगेतली नवी पोरं ठरल्याप्रमाणे डावीकडे धावली. जुनी पोरं घाबरली, आणि घाबरलेला माणूस जुनंच आठवतो. ती उजवीकडे धावली. समोरच्या संघानेही दोन्हीकडे पाहिलं आणि तोही अर्धा-अर्धा वाटला गेला. मधोमध आमचा नवा क्वार्टरबॅक ओवेन प्लेचर, डुकरं पाळणाऱ्याचा मुलगा, चेंडू पोटाशी धरून एकटाच उभा. लग्नाचं वऱ्हाड दोन गाड्यांतून निघून जावं आणि नवरदेव दारातच राहावा तसा. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, समोर कोणी नाही असं बघितलं आणि सरळ चालू लागला. पंधरा यार्डांनंतर त्याला धावायचं सुचलं. एकसष्ट यार्ड! टचडाऊन!

समोरच्या कडेला तुझा मुलगा कानाचा हेडसेट काढून, गुडघ्यांवर हात टेकून हसत होता. त्याचं ते हसणं तुला माहीत आहे, लहानपणी दूध नाकातून यायचं तसलं. वाऱ्यावरून मला ऐकू आलं. मला हसू आलं नाही. मी टोपी तोंडावर धरली होती ती वाऱ्यामुळे. तीच खेळी मी आणखी चार वेळा मागितली, पण ती पुन्हा जमली नाही. चारही वेळा पोरं एकाच बाजूला गेली आणि चिरडली गेली. (शिवाय ओवेनला मी काल तीनदा दुसऱ्याच नावाने हाक मारली. कुठल्या ते विचारू नकोस. तो सभ्य आहे, तिन्ही वेळा "हो कोच" म्हणाला.)

सामना संपल्यावर मधोमध जाऊन हात मिळवायची रीत मुख्य प्रशिक्षकांची. तुझ्या मुलाने यायची गरज नव्हती. तो आला. दाढी वाढवली आहे, तुला आवडणार नाही.

"मामा," तो म्हणाला.

"सेंट ओडिलोच्या चढाईच्या प्रशिक्षकांचं अभिनंदन," मी म्हटलं.

"मामा, ती खेळी काय होती?"

"गुप्त आहे."

"अहो, तुमची निम्मी पोरं पार्किंगकडे गेली!"

"गुप्त आहे म्हटलं ना!"

मग तो गंभीर झाला. म्हणाला, आमचे कोच डिसेंबरात निवृत्त होतायत, संघ मला देतायत. पुढची रांग शिकवायला माणूस हवाय. तुमच्याइतकं चांगलं ओरडणारा मला दुसरा मिळत नाहीये. मी त्याला जे सांगितलं ते अर्ध्या मैदानाला ऐकू गेलं, तरी पुन्हा लिहितो: ऑस्टरगार्ड लोक सोडून जात नाहीत, मी कोणाच्या हाताखाली फलक धरत नाही, आणि चौतीस वर्षं एका जागी उभं राहणं म्हणजे काय हे ज्यांना नऊ वर्षांत कंटाळा येतो त्यांना कळायचं नाही. तो शांतपणे म्हणाला, "कंटाळा नव्हता आला, मामा. पट्टी हातात धरून उभा होतो. तुम्ही एकदा 'थांब' म्हणायचं होतं." आणि गेला.

मी पाठ फिरवली, ताठ मानेने निघालो, बसमध्ये चढलो आणि उभ्या उभ्या दहा मिनिटं अशी खरडपट्टी काढली की काचा हलल्या. निष्ठा, शिस्त, पाय रोवून उभं राहणं, सगळं झालं. सगळे खाली मान घालून "हो कोच, हो कोच" म्हणत होते. श्वास घ्यायला थांबलो तेव्हा दिसलं की पहिल्या रांगेतल्या मुलीच्या मांडीवर ट्रॉम्बोन आहे. मी आमच्या बँडच्या बसमध्ये चढलो होतो. आता उतरणं म्हणजे कबुली देणं, म्हणून मी तिथेच बसलो. चाळीस मैल मी एक ट्यूबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, मांडीवर घेऊन आलो, कारण दुसरी जागा नव्हती. आणि ताई, त्या बँडमध्ये मी विचारलं, यंदा कोणी सोडून गेलं का? ट्रॉम्बोनवाली म्हणाली, गेले होते दोघं, पण आज बघायला आले होते, त्यांना आम्ही वाजवायला बसवलं.

मांडीवर ट्यूबा असला की माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून विचार केला. तुला कोच गुस्टाफसन आठवतात? डब्याची पद्धत त्यांची. त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं होतो, रविवारी त्यांच्या घरी जेवायचो, त्यांच्या पत्नी मला वाढताना दुसरा बटाटा न विचारता टाकायच्या. मग हार्लन फोर्कने बोलावलं आणि मी निघालो. माझीही पट्टी मीच डब्यात टाकली होती. तेव्हा ती पत्र्याची होती, आवाज जास्त मोठा. त्यांनी नियम पाळला. एकवीस वर्षांनी ते वारले तेव्हा मी अंत्यविधीला गेलो. बाईंनी माझा हात हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि शेजारणीला हळूच विचारलं, "हे कोण गं?" त्या घरात एकवीस वर्षं माझं नाव कोणी घेतलं नव्हतं, तर ते त्यांच्याजवळ राहणार कसं? मी नाव सांगितलं नाही. हॅम सँडविच खाल्लं आणि गाडी चालवत परत आलो. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. फार वाईट वाटलं होतं. तरीही परत येऊन मी त्याच पद्धतीने डबा चालवला, कारण दुसरी कुठली पद्धत मला कोणी शिकवली नव्हती.

पण याचा अर्थ मी बदललो असा काढू नकोस. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुझा मोठा मुलगा येणार असेल तर मी येणार नाही, हे जानेवारीत कळवलं होतं आणि ते कायम आहे. मी इथे खंबीर आहे. मैदान आहे, शिट्टी आहे, ओवेन आहे. उद्या सगळे गेले तरी मी पहाटे साडेपाचला मैदानावर असेन आणि मी स्वतः वेळेवर आलो की नाही हे बघेन. जाणाऱ्यांना जाऊ दे. माझं कोणावाचून अडलेलं नाही.

खुब्याला जप. दाजींना मीठ कमी घाल.

तुझा, जागचा न हललेला भाऊ,
मर्ल

ता.क. थँक्सगिव्हिंगला समजा मी आलोच, तर टर्की किती वाजता कापणार? रस्त्याला दोन तास लागतात म्हणून विचारलं. आईची ती रुबार्बची आंबटगोड पाई करणार आहेस का? केलीस तर ती माझ्यासाठी नको. एका माणसाचं जानेवारीतलं निरोपाचं जेवण राहिलं आहे आणि मला पक्कं आठवतं, त्याला विचारलं असतं तर त्याने तीच मागितली असती.

ता.ता.क. वर 'जागचा न हललेला' असं लिहिलं आहे ते पुन्हा वाचलं. त्यात थोडी दुरुस्ती. आज सकाळी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी मी आमच्या कॉलेजचे प्रेसिडेंट डॉ. हॅव्हरकँप यांना राजीनामा देऊन टाकला. ते म्हणाले, मर्ल, घाई करू नका, दोन दिवस विचार करा. मी म्हटलं, मी ट्यूबा घेऊन चाळीस मैल विचार केला आहे. उद्या पहाटे पोरांना सांगायचं आहे, ओवेनला सगळ्यांच्या आधी. तो खिडकीतून गाड्या मोजू लागला तर मी मध्ये बोलणार नाही, पण मी त्याला शुक्रवारी फोन करणार, त्याने उचलला नाही तरी. घोटाळा एवढाच झाला आहे की राजीनामा मी आधी दिला, आणि सेंट ओडिलोची ती जागा मला अजून मिळेल का, हे विचारायचं राहून गेलं. मी स्वतः विचारू शकत नाही. काल मैदानात मी त्या जागेबद्दल जे बोललो ते त्यांच्या रेडिओवरही गेलं म्हणतात. तेव्हा ताई, तू विचार. सहज विचारल्यासारखं विचार. फलक धरावे लागणार असतील तरी चालेल म्हण. ट्रॅक्टरचा मी धरतो.

ता.ता.ता.क. पत्र पाकिटात घालायला कचेरीत आलो तर लोव्हिनाबाई रविवारच्या दिवशी येऊन बसलेल्या. त्यांनी माझी पट्टी फळ्यावरून काढू दिली नाही. म्हणाल्या, आधी डबा रिकामा करा. दोघांनी मिळून सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतल्या आणि मी एकेक उचलून मोठ्याने वाचली. तेवीस नावं. दोन ठिकाणी अडखळलो, हॅमच्या गोळ्यांचं आडनाव तर त्यांनाच विचारावं लागलं, आणि त्याची मला लाज वाटली. सगळ्यात तळाशी असलेली मात्र न बघता ओळखली. ती मी खिशात ठेवली आहे, गुरुवारी थँक्सगिव्हिंगला येताना घेऊन येतो. तोवर निरोप दे: कर्टिसला सांग, मामाने 'थांब' म्हणायला हवं होतं. कर्टिसला सांग, दाढी काढ. कर्टिस, कर्टिस, कर्टिस. जमतंय.